जॅझ बेसची घरघर: नॉइजलेस पिकअप टाकायचे की आधी दुसरं काही तपासायचं?

चौथी_तार

नमस्कार मंडळी. जॅझ प्रकारचा चार तारांचा बेस गिटार आहे, ३४ इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), दोन सिंगल-कॉइल पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारे, तारांखालचे भाग), दोन व्हॉल्यूम, एक टोन. आतलं सगळं कंपनीतून आलेलं, काही बदललेलं नाही. पिकअपच्या खाली सिरॅमिक चुंबकाच्या पट्ट्या दिसतात. तारा ४५-१०५, राउंडवाउंड.

त्रास असा: एकटा ब्रिज पिकअप (तारा खाली जिथे अडकतात त्या ब्रिजजवळचा) उघडला की मोठी घरघर. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले तर ती बंद व्हायला हवी असं सगळीकडे वाचलं, पण इथे उलट वाढते. शिवाय वरून एक बारीक चर्रर्र आवाज सतत असतो. तारांना हात लावून फरक पडत नाही, पण नॉबखालच्या चकचकीत पट्टीला बोट लावलं की चरचर निम्मी होते. ऑडिओ इंटरफेस (बेसचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी पेटी) लॅपटॉपला जोडलेला असताना त्याच पट्टीला हात लागला की कधीकधी हलक्या झिणझिण्या येतात. केबल बदलून पाहिली, फरक नाही.

नॉइजलेस (घरघर न पकडणाऱ्या) पिकअपची जोडी घ्यायचा विचार आहे. त्याने हे सगळं जाईल का?

खर्ज_आणि_खुंटी

पिकअप मागवू नका, निदान अजून तरी. तुमच्या वर्णनात तीन वेगवेगळे दोष आहेत आणि नवीन पिकअपने त्यातला फार तर एक जाईल.

आधी आवाज ओळखा. जाड ‘घूंऽ’ आणि बारीक ‘चर्रर्र’ यांची कारणं वेगळी असतात. घूं येते चुंबकीय क्षेत्रातून: अँपचा ट्रान्सफॉर्मर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, भिंतीतली जाड वायर. सिंगल-कॉइल म्हणजे हजारो वेढ्यांची एक कॉइल, ती हे क्षेत्र पकडणारच. चरचर येते विद्युत क्षेत्रातून: एलईडीचे ड्रायव्हर, लॅपटॉपचा अडॅप्टर, पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. (टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर जवळजवळ गप्प असतो, तोच बसवून घ्यावा.) तांब्याच्या टेपचं शिल्डिंग (बेसच्या आतल्या खाचांना लावलेलं कवच) फक्त चरचर थांबवतं, घूंवर त्याचा काडीचाही परिणाम होत नाही. लोक दिवसभर बसून टेप लावतात, घूं तशीच राहते आणि मग शिल्डिंगला नावं ठेवतात.

कानाने ओळखायची एक पक्की खूण आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी असतो ४९ हर्ट्झ. मोकळी जी तार ९८, विजेचा दुप्पट सूर १००. म्हणजे आपल्या देशातली घरघर ही किंचित चढी जी असते, अर्ध्या सुराच्या साधारण तिसऱ्या हिश्शाने चढी. मोकळी जी तार ट्यूनरवर नीट लावा, छेडा, आणि विझत येताना ऐका: घरघरीशी तिचे सेकंदाला साधारण दोन हेलकावे ऐकू आले तर ती घूं. असं काही न होता नुसती भुंग्यासारखी किरकिर असेल तर ती चरचर.

यातूनच आणखी एक गोष्ट. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, ती ए शार्प आणि बी यांच्या मधे पडते, म्हणून तिथले लोक रेकॉर्डिंगमध्ये सरळ ६० वर नॉच (तेवढाच सूर कापणारा फिल्टर) लावा म्हणतात. आपण ५० वर नॉच लावला तर खालचा जी सूरच पोकळ होतो. घरघर उगमापाशीच मारावी लागते.

आता तुमच्या खुणा. बॉडी हातात धरून खुर्चीत बसल्याजागी गोल फिरा. घूं एका दिशेला जवळजवळ नाहीशी आणि काटकोनात जास्तीत जास्त होत असेल तर ती नक्की चुंबकीय. तारांना हात लावून फरक नाही पण पट्टीला लावून आहे, याचा अर्थ ब्रिजची अर्थ वायर तुटली आहे किंवा रंगावर बसली आहे. तुमचं शरीर हा खोलीतला सगळ्यात मोठा अँटेना आहे. तारा अर्थला जोडलेल्या असल्या तर हात ठेवताच शरीरही अर्थ होतं आणि चरचर खाली येते. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या (केबल खुपसायच्या सॉकेटच्या) बाहेरच्या नटला लावा. एक ओहमच्या आत आलं पाहिजे. (नायलॉन टेपवाउंड तारा असत्या तर ही हाताची परीक्षा चाललीच नसती, त्या वीज वाहून नेत नाहीत.)

आणि दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना घूं वाढणं हा तिसरा दोष. जॅझ बेसच्या जोडीत एका पिकअपचं चुंबक आणि वेढ्यांची दिशा दोन्ही दुसऱ्याच्या उलट असतात. त्यामुळे तारेचा आवाज दोघांतून एकाच दिशेने येतो आणि घूं विरुद्ध दिशेने, ती एकमेकींना खाते. तुमची जोडी तशी नाही असं दिसतंय. छोटं खरं होकायंत्र घ्या, फोनमधलं चालणार नाही. पिकअपच्या खांबांपासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा. जास्त जवळ नेलं तर सुईच उलटी चुंबकित होते. दोन्ही पिकअपवर सुईचं कोणतं टोक ओढलं जातं ते लिहून काढा.

फेज_न्यूट्रल

बाकी सगळं बाजूला ठेवून आधी झिणझिण्यांचं बोलू या. ब्रिजची वायर आत्ता तुटलेली आहे म्हणून झिणझिण्या फक्त पट्टीला लागतात. ती वायर जोडल्यावर चारही तारा त्याच अर्थला जातील आणि हात तर सतत तारांवरच असतो. म्हणून वायर जोडण्याआधी सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. हा क्रम चुकवू नका.

दोन पिनांच्या लॅपटॉप अडॅप्टरमध्ये नॉइज फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थ नसला की त्यांच्यातून जरासा करंट लॅपटॉपच्या, इंटरफेसच्या आणि शेवटी बेसच्या धातूवर येतो. तो बहुधा झिणझिण्यांपुरताच असतो. ओळखायला सोपं: चार्जर भिंतीतून काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. झिणझिण्या आणि चरचरीचा मोठा भाग गेला तर उगम तोच.

पण इंटरफेसचं आउटपुट तीन पिनांच्या स्पीकरला जोडलेलं असूनही झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटची तिसरी पिन नुसती शोभेची आहे. मीटर एसी व्होल्टवर: फेज ते न्यूट्रल साधारण २३०, फेज ते अर्थही तेवढेच, न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज ते अर्थ शंभराच्या आसपास लटकत असेल तर अर्थ तुटलेली आहे. डिजिटल मीटर अशा ठिकाणी भुताटकीचे आकडेही दाखवतो, त्यामुळे खात्रीसाठी इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा साधा बल्ब लावून पाहायला सांगा. पूर्ण उजेड पडला पाहिजे. बोर्डवर आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असेल तर ती या परीक्षेत पडेल. तसं झालं तर अर्थचा रस्ता काही प्रमाणात आहे असं समजा आणि पुढचं मोजमाप त्याच्याकडूनच करून घ्या.

दोन गोष्टी कुणी सुचवल्या तरी करू नका. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थ पिन काढणे, आणि सॉकेटच्या मागे अर्थ व न्यूट्रल जोडून टाकणे. दुसरी जास्त वाईट. मागे कुठे न्यूट्रल सुटली तर बेसच्या तारांवर थेट २३० व्होल्ट येतात, आणि समोर मायक्रोफोन असेल तर ओठ त्याला टेकतात. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या.

चौथी_तार

सगळ्यांचे आभार. तपासलं ते असं. सॉकेटची अर्थ खरोखर तुटलेली होती, इलेक्ट्रिशियनने जोडून दिली, न्यूट्रल ते अर्थ आता दीड व्होल्ट. झिणझिण्या गेल्या, चरचरही थोडी कमी. ब्रिज ते जॅक: मीटर काहीच दाखवत नाही, पूर्ण तुटलेलं. नेक पिकअप (मानेकडचा) ७.४ किलोओहम, ब्रिज ७.८. होकायंत्राचं उत्तर टोक दोन्ही पिकअपवर ओढलं जातं. दोन्ही पिकअप एकत्र उघडल्यावर आवाज पातळ होत नाही, भरदारच आहे. जी तारेचे हेलकावे अगदी स्पष्ट ऐकू आले!

तांब्याची_टेप

रोध चांगले आहेत, जॅझ पिकअप सात-आठ किलोओहमच्या आसपासच असतात. म्हणजे कॉइल शाबूत आहेत, पिकअप फेकायचं कारण नाही. ब्रिजच्या वायरपासून सुरुवात करा.

तारा काढा, ब्रिजचे पाचही स्क्रू सोडवा. खाली एका बारीक भोकातून वायरचं टोक बाहेर आलेलं दिसेल. बहुतेक वेळा ते आत सरकलेलं असतं किंवा त्याच्याखाली जाड रंगाचा थर असतो. वायर दुसऱ्या टोकाला, म्हणजे पॉटच्या (नॉबखालच्या व्हॉल्यूम-टोन कंट्रोलच्या) पाठीवर तुटली असेल तर तिथेच सोल्डर मारा. ब्रिजखाली वायरचं उघडं टोक २५ ते ३० मिमी सोलून पंख्यासारखं पसरवा. सोल्डर लावून त्याचा गोळा करू नका, नाहीतर ब्रिज त्या गोळ्यावर डगमगतो आणि तारेचा सस्टेन (सूर टिकणं) जातो. ब्रिजच्या पोटाला लाखेसारखा थर असेल तर तेवढ्या जागी सँडपेपरने घासा. स्क्रू आवळून पुन्हा मोजा.

मग शिल्डिंग. ५० मिमी रुंदीची तांब्याची टेप दोन-तीन मीटर, २२ गेजची वायर, ०.८ मिमी जाडीचं ६०-४० सोल्डर, ४० वॅटची सोल्डरिंग आयर्न. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात, हे सगळं मिळतं. अॅल्युमिनियमची स्वयंपाकाची फॉइल वापरू नका. साध्या सोल्डरला ती दाद देत नाही आणि नुसत्या चिकटवलेल्या जोडावर भरवसा ठेवता येत नाही. टेपच्या मागचा गोंद वीजवाहक आहे असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक ठिपका द्याच. दमट हवेत तो गोंद वर्ष-दोन वर्षांत सुटायला लागतो, कोकणपट्टीत तर लवकरच.

उघडण्याआधी वायरिंगचा फोटो काढा. आधी तळ, मग भिंती, तुकडे एकमेकांवर पाच मिमी चढवून. कंट्रोलच्या खाचेत टेप वरच्या काठावर तीन-चार मिमी दुमडा, पण पट्टीखाली झाकली जाईल एवढीच. धातूची पट्टी त्या दुमडीवर टेकली की वरचं झाकण पूर्ण होतं. जॅझ बेसमध्ये पिकअपच्या खाचा कंट्रोलच्या खाचेपासून वेगळ्या असतात, मधे नुसतं वायरचं भोक. त्यामुळे तिथलं तांबं आपोआप अर्थ होत नाही, प्रत्येक खाचेतून एक वायर पॉटच्या पाठीपर्यंत आणावी लागते. सगळ्यात जास्त विसरली जाते ती हीच वायर. न जोडलेलं तांबं नसल्यापेक्षा वाईट, ते स्वतःच अँटेना होतं. पिकअपखालचा फोम टेपच्या वर परत ठेवायचा.

शेवटी प्रत्येक खाच ते जॅक मोजा, एक ओहमच्या आत. आणि सगळं जोडल्यावर आवाज अजिबात आला नाही तर घाबरू नका. नव्वद टक्के वेळा जॅकची टोकाची पत्ती केबल घातल्यावर वाकून भिंतीच्या तांब्याला टेकते. जॅकच्या बाजूला खाच अरुंद असते. तेवढ्या भागावर साधी इन्सुलेशन टेप चिकटवा, पॉटच्या पायांसमोरही.

पॉटच्या पाठीवर सोल्डर मारताना आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आधी पाठ सँडपेपरने खरवडा, आयर्नच्या टोकाला थोडं सोल्डर घ्या, मग टेकवा. दहा सेकंद धरून बसलं की आतला कार्बनचा मार्ग भाजतो आणि नॉब फिरवताना खरखर कायमची राहते.

उलटा_ध्रुव

आता चुंबकांकडे. दोन्हीकडे सुईचं एकच टोक ओढलं जातं आणि आवाज भरदार, म्हणजे दोन्ही पिकअप अगदी एकसारखे आहेत. घूं बेरीज होऊन येते ती म्हणूनच. नुसत्या वायरी उलटून हे सुटत नाही. घूं जाईल पण तारेचा आवाजही एकमेकांना खाईल, बेस टेलिफोनसारखा वाजेल. चुंबक आणि वायरी दोन्ही उलटावं लागतं, एकाच पिकअपचं.

खांबच अॅल्निकोचे (चुंबकीय मिश्रधातूचे) असते तर हे घरी जमलं नसतं, त्यांना जोरदार चुंबकीय क्षेत्रात उलटं चुंबकित करावं लागतं. तुमच्याकडे लोखंडी खांब आणि खाली सिरॅमिक पट्टी आहे, त्यामुळे काम होतं. नेक पिकअप निवडा. तळाशी एकच पट्टी खांबांच्या टोकांवर चिकटवलेली असेल तर हेअर ड्रायरने मिनिट-दीड मिनिट कोमट करा. मेण किंवा गोंद मऊ झाला की प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने एका टोकाकडून हळूच उचला. स्क्रू-ड्रायव्हर नको: कॉइलची तार ०.०६ मिमीची, केसाएवढी बारीक, आणि चुंबक स्क्रू-ड्रायव्हरला खेचून थेट तिच्यावर नेतं. पट्टी उलथी करा, म्हणजे खालचं तोंड वर, आणि दोन-तीन थेंब गोंदाने परत बसवा. खांबांच्या दोन्ही बाजूंना दोन पट्ट्या असतील तर दोन्ही उलटवायच्या, आणि दोघींचं एकच ध्रुव खांबांकडे तोंड करून असलं पाहिजे. सिरॅमिक ठिसूळ असतं, सुटताना टवका उडाला तर चालतो, दोन तुकडे झाले तरी जुळवून चिकटवता येतात.

होकायंत्र पुन्हा धरा. आठही खांबांवर आता दुसरं टोक ओढलं पाहिजे. एखाद्याच खांबावर उलटं दाखवत असेल तर पट्टी नीट टेकलेली नाही.

मग त्याच पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल. आधी हे पाहा: कॉइलच्या अर्थ वायरला खांब किंवा तळाची धातूची पट्टी जोडलेली आहे का? मीटरने खांब ते काळी वायर मोजा. जोडलेली असेल तर तो दुवा आधी सोडवा आणि धातूला वेगळी वायर देऊन अर्थ करा. नाहीतर अदलाबदलीनंतर खांब सिग्नलच्या बाजूला जातात आणि बोट खांबाला लागताच बझ येतो.

जोडणी करताना हेही बघून घ्या. जॅझ बेसमध्ये पिकअपची गरम वायर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला असते आणि आउटपुट कडेच्या पायावरून. उलटं जोडलं तर एक व्हॉल्यूम शून्यावर नेला की दोन्ही पिकअप बंद होतात. पॉट बदलायचेच असतील तर ए२५०के, म्हणजे लॉग, आणि टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यावर ४७३ छापलेलं असतं. जुन्या पॉटचा दांडा मोजल्याशिवाय नवे घेऊ नका: ६ मिमीच्या दांड्यावर ६.३५ मिमीचा नॉब तिरका बसतो, आणि मोठ्या पॉटची मान पट्टीच्या भोकात जातच नाही, भोक कानशीने वाढवावं लागतं.

खर्ज_आणि_खुंटी

वरच्या दोघांचं झाल्यावर काय उरेल ते आधीच सांगतो, म्हणजे निराशा नको. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना घूं जवळजवळ जाईल. एक व्हॉल्यूम जरा खाली आणला की थोडी परत येईल. एकटा ब्रिज पिकअप उघडला की पूर्ण येईल, ती सिंगल-कॉइलची जातच आहे. १९६० साली फेंडरने जॅझ बेस काढला तेव्हापासून सिंगल-कॉइल जॅझवाले हे सांभाळत आलेत. बेसवादक जॅको पास्टोरियससारखं ब्रिज पिकअपवर झुकून वाजवायचं असेल आणि खोलीत वळून बसूनही जमत नसेल, तेव्हाच नॉइजलेसचा खर्च योग्य.

तेव्हा दोन प्रकार मिळतील. स्टॅक, म्हणजे एकाखाली एक दोन कॉइल: दिसायला मूळसारखा, पण वरचा ‘ग्राउल’ (गुरगुर) थोडा कमी होतो. स्प्लिट, म्हणजे ई-ए साठी एक छोटी कॉइल आणि डी-जी साठी दुसरी, १९५७ नंतरच्या प्रिसिजन बेसची युक्ती एका सरळ कव्हरमध्ये: आवाज जास्त मोकळा, पण खालच्या आणि वरच्या तारांचा समतोल उंचीवर फार अवलंबून. माझं मत स्प्लिटला. मागवण्याआधी खाच मोजा. ठरलेल्या मापात नेक पिकअप साधारण ९२ मिमी आणि ब्रिज ९५ मिमी लांब असतो, पण स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकाच मापाचे घातलेले सर्रास सापडतात. तीन मिमी म्हणजे बॉडी कोरणं आलं.

चौथी_तार

चुंबक उलटवलं, वायरी बदलल्या, ब्रिजची वायर जोडली. दोन्ही पूर्ण उघडल्यावर घूं खरंच गेली! शिल्डिंग या शनिवारी. एकच शंका: नेक पिकअप परत बसवल्यापासून ई तारेवर बाराव्या फ्रेटच्या वर सूर डळमळतो, जणू दोन सूर एकदम वाजतात. चुंबक बिघडवलं का मी?

उलटा_ध्रुव

चुंबक ठीक आहे, पिकअप उंच बसलाय. खालचा फोम नवा किंवा उलटा घातला की तो फुगलेला असतो आणि पिकअप वर ढकलतो. जवळचं चुंबक जाड तारेला खेचतं, तिचं कंपन दोन दिशांना वेगवेगळ्या वेगाने होतं, म्हणून दोन सूर. तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि खांबाच्या माथ्यापासून तारेच्या पोटापर्यंत मोजा: ई कडे ३.२ मिमी, जी कडे २.४. स्क्रू आवळत न्या. फोम एवढा दबत नसेल तर ब्लेडने तीन मिमी पातळ करा, पण काढून टाकू नका, नाहीतर पिकअप स्क्रूवर लटकून अंगठा ठेवल्यावर हलेल. सूर अजून डळमळला तर आणखी अर्धा मिमी खाली न्यायला हरकत नाही. शनिवारी टेप लावण्याआधीच हे माप लिहून ठेवा, तळाच्या टेपने आणि सोल्डरच्या ठिपक्यांनी फोम पुन्हा थोडा वर येणार आहे.